न विचारता घेतलेला आवाज

मी एक तबकडी आहे, मित्रांनो. जुनी म्हणाल तर माझं वय अवघं तीन वर्षं. पूर्वी घरोघरी तबकड्या वाजत असत म्हणे. मी त्यांतली नाही. मी आत्ताची. काळी, सात इंच रुंद, दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली. गाणं हेही आपलं सवयीनं म्हणायचं. माझ्यात धड शब्द नाहीत, धड चाल नाही. घरघर आहे, टिकटिक आहे, विजेच्या तारा गुणगुणाव्यात तसा एक आवाज आहे. अशा संगीताला प्रायोगिक म्हणतात. ते ऐकणारे थोडे असतात, म्हणून आम्ही दीडशेच जणी निघालो.

माझी गोष्ट सांगायचं मी बरेच दिवस टाळलं. ती सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म एका यंत्रात झाला. प्लास्टिकचे काळे दाणे वितळवले, त्यांचा गोळा केला आणि दोन साच्यांच्या मध्ये दाबला. काही सेकंदांत माझ्या अंगावर केसासारखी बारीक खाच उमटली, कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल फिरत गेलेली. त्या खाचेत जे उमटलं ते कायमचं. कागदावरचं खोडता येतं, फोनमधलं पुसता येतं. माझ्यावरचं पुसता येत नाही.

पुण्यातल्या दोन मित्रांनी मला काढलं. त्यांच्या कंपनीचं नाव ‘खरखर’, आणि सगळी कंपनी एका कपाटात मावायची. त्यांनी मला राखाडी पाकिटात घातलं. पाकिटावर माझा नंबर हातानं लिहिला, एकेचाळीस. माझ्या गाण्याचं नाव ‘अडकलं’, आणि खाली ते करणारीचं नाव, विशाखा. तिसरं कुठलंही नाव तिथं नव्हतं. ते असायला हवं होतं.

विशाखा छत्रपती संभाजीनगरची. घर हर्सूलला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ती मापं तपासायचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी संगणकावर आवाज जोडत बसते. हा नाद तिला वडिलांमुळे लागला. तिचे वडील पुंडलिकराव शहागंजात माईक, अॅम्प्लिफायर आणि रेडिओ दुरुस्त करतात. लहानपणी शाळा सुटली की विशाखा त्या दुकानात स्टुलावर बसायची. तार कुठं जोडली की आवाज येतो, कुठं सुटली की नुसती खरखर होते, हे तिला बाराखडीबरोबरच कळलं.

पुंडलिकराव बोलताना अडखळतात. ‘श’ आला की फारच. दुकान तीस वर्षं शहागंजात, आणि नेमका तोच शब्द त्यांच्या तोंडातून लवकर निघत नाही. काही गिऱ्हाइकं थांबतात. काही त्यांचा शब्द स्वतःच पुरा करून टाकतात. काही हसतात. म्हणून ते कमी बोलतात आणि चिठ्ठीवर लिहून देतात, ‘उद्या या’, ‘पार्ट मिळाला नाही’. माईक तपासताना मात्र ते मनमोकळं बोलत. माईक घाई करत नाही ना!

दरवर्षी एप्रिलमध्ये, जयंतीच्या मिरवणुकांआधी, दुकानात माईकचा ढीग लागतो. अशाच एका दुपारी विशाखा डबा घेऊन गेली. पुंडलिकराव पाठमोरे होते. एकेक माईक तोंडाशी धरून म्हणत होते, “हॅलो, हॅलो. पुंडलिक बोलतोय. श... श... श... शहागंज.”

विशाखानं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन टेबलावरच्या तपासणीच्या मीटरच्या आड ठेवला. विचारलं नाही. घरी जाऊन तिनं त्या आवाजाचे तुकडे केले. ‘हॅलो’ काढलं, ‘पुंडलिक’ काढलं. फक्त ‘श, श, श’ ठेवलं आणि त्याखाली तालाचा ठोका भरला. माझ्यावर शहागंज हा शब्द पुरा होतच नाही. हे सगळं मला पुढं बापलेकीच्या बोलण्यातून कळलं.

उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या सभागृहात मला पहिल्यांदा लोकांपुढं वाजवलं. चाळीसएक माणसं होती. ‘श, श, श’ सुरू झालं तशी माणसं मान डोलवू लागली. काही जणांना हसू आलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मी तेव्हा फुशारले होते. दीडशे जणींतून मलाच वाजवायला निवडलं, याचा मला गर्व झाला होता.

कार्यक्रम संपल्यावर मोनिका नावाच्या मुलीनं विचारलं, “तो अडकणारा आवाज भारीये. कुणाचाय?”

विशाखा टेबलावरची पाकिटं सारखी करू लागली. मग म्हणाली, “कुणाचा नाय. सॉफ्टवेअरनं केलाय.”

मी हे ऐकलं. ज्या माणसाचा श्वास माझ्या खाचेत होता, तो माणूसच नाही असं ती म्हणाली. आणि मी तिथंच टेबलावर दिव्याखाली चमकत पडले होते. मला तेव्हा लाज वाटली नाही, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मोनिकानं मला विकत घेतलं आणि भावाला, शिवराजला, वाढदिवसाला दिलं. शिवराजकडं नवा रेकॉर्ड प्लेअर होता, पण असलं संगीत त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. मला लावल्यावर त्याला वाटलं, प्लेअरच बिघडलाय. कुणीतरी त्याला शहागंजातल्या दुकानाचा पत्ता दिला. एका सकाळी तो प्लेअर आणि मला घेऊन थेट पुंडलिकरावांच्या समोर उभा राहिला.

“काका, जरा बघा ना. सुई एकाच जागी अडकतीय.”

पुंडलिकरावांनी मला फडक्यानं अलगद पुसलं. एवढ्या हलक्या हातानं मला तोवर कुणी पुसलं नव्हतं. मग त्यांनी सुई ठेवली. ठोका वाजला. श, श, श.

त्यांचा हात थांबला. त्यांनी सुई उचलली, पुन्हा ठेवली. वाकून पाहिलं. सुई व्यवस्थित पुढं सरकत होती.

“बघा, बघा!” शिवराज हसत म्हणाला. “श-श-श! माझी बहीण म्हणती हा कॉम्प्युटरचा आवाज हाय. मला तर बिघाडच वाटतोय.”

पुंडलिकरावांनी प्लेअर बंद केला. चिठ्ठीचं पॅड हाताशी होतं, पण ते त्यांनी घेतलं नाही.

“म... मशीन ठीक हाय,” ते म्हणाले. “सुई प... पुढं चाललीय. अ... अडकतोय तो मी.”

शिवराजला कळेना. मग पुंडलिकरावांनी पाकिटावरच्या नावावर बोट ठेवलं. “म... माझी पोरगी.”

शिवराजचा चेहरा उतरला. त्यानं आत्ताच केलेली नक्कल त्याला आठवली असावी. “काका, माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं,” असं दोनदा म्हणून त्यानं प्लेअर उचलला. मला मात्र त्यानं तिथंच राहू दिलं.

त्या संध्याकाळी पुंडलिकराव मला घरी घेऊन आले. विशाखा कामावरून आली, तेव्हा मी तिच्या संगणकासमोर होते.

“बाबा, ही तुम्हाला कुठं मिळाली?”

“दु... दुकानात आली. दुरुस्तीला.”

तिची आई करुणाबाई स्वयंपाकघरातून डोकावली. “काय झालं? काय हाय ते?”

विशाखा घाईघाईनं म्हणाली, “बाबा, मला तो आवाज लई आवडला, म्हणून घेतला. खरंच सांगते. तसा आवाज कुठल्याच मशीनमधून निघत नाय.”

“म... मग क... कॉम्प्युटरचा हाय असं का म्हणालीस?”

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“म... माझी लाज वाटली?”

करुणाबाईंनी गॅस बंद केला.

“व्हय,” विशाखा म्हणाली. “त्या लोकांपुढं वाटली.”

पुंडलिकराव हातपाय धुवायला निघून गेले. त्या दिवसापासून ते घरातही बोलेनासे झाले. जेवताना करुणाबाईंपुढं चिठ्ठी आली, ‘भाजीत मीठ कमी’. तिनं ती चुरगाळून फेकली. “मी काय गिऱ्हाईक हाय का तुमचं?” म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. एकोणीस दिवस असे गेले. मी संगणकाशेजारी पडून होते. माझ्या अंगावरची ती एक खाच कुणीतरी खरवडून काढावी, असं मला वाटायचं.

विशाखानं पुण्याला फोन केला. न विकलेल्या अडतीस तबकड्या खोक्यातून परत आल्या. तिनं खोकं वडिलांसमोर ठेवलं.

“बाबा, तुम्ही म्हणाल ते करते. सगळ्या मोडून टाकते.”

त्यांनी मान हलवली. नाही.

“मग सगळ्यांवर तुमचं नाव लिहिते. गेलेल्यांनाही कळवते.”

तेव्हा ते एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा बोलले. “आ... आता नको. वि... विचारायचं तेव्हा होतं.”

विशाखानं त्यांच्याकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. माझ्या पाकिटावर आजही त्यांचं नाव नाही. पण आता ते नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं, एवढं मात्र खरं आहे.

पुढच्या महिन्यात उस्मानपुऱ्यात पुन्हा कार्यक्रम झाला. विशाखा मला घेऊन गेली, पण वाजवलं नाही. मला हातात धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, “यातला आवाज सॉफ्टवेअरचा नाय. माणसाचा हाय. त्या माणसाला मी विचारलं नव्हतं, आणि तुम्हाला खोटं सांगितलं.” कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतली मोनिका मान खाली घालून बसली होती.

घरी आल्यावर हे तिनं वडिलांना सांगितलं. ते “बरं” म्हणाले. एवढंच. सगळं मिटलं असं समजू नका. काही गोष्टी एका ‘बरं’नं मिटत नाहीत.

आता मी शहागंजातल्या त्या दुकानात फळीवर असते. परवा रविवारी विशाखा डबा घेऊन आली. जेवण झाल्यावर पुंडलिकराव तिला पिशोर गावच्या बाजाराची एक आठवण सांगू लागले. लहानपणी बापासोबत तिथं गेले असताना त्यांनी पहिल्यांदा लाऊडस्पीकर ऐकला होता. विशाखाचा हात खिशातल्या फोनकडं गेला आणि थांबला.

“बाबा, हे रेकॉर्ड करू का?”

त्यांनी विचार केला. “न... नको,” म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि फोन डब्याच्या रिकाम्या पिशवीत टाकला. मग ते बोलत राहिले, अडखळत, थांबत, आणि ती त्यांचा एकही शब्द स्वतः पुरा न करता ऐकत राहिली. ती गोष्ट फार सुंदर होती. ती माझ्यावर नाही, कुणाच्याच खाचेत नाही, आणि मीही ती तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्या प्रत्येकाच्या हातात आज आवाज पकडणारं यंत्र आहे. आजीचं खोकणं, मित्राचं अडखळणं, रस्त्यावरच्या माणसाचं ओरडणं, सगळं एका बोटानं तुमच्याकडं येतं. ते बोट दाबण्याआधी त्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला, तर फोन ठेवा आणि नुसतं ऐका.

माझ्यापुरतं मात्र आता कुणी विचारूनही उपयोग नाही. माझ्यावर उमटलं ते उमटलं.