हात लावू नये

क्लाइव्ह थॉरल्डनं चाळीस वर्षं टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यावर विमानदल सांभाळायला घेतलं. लिंकनशायरमधल्या त्याच्या घरामागच्या शेडमध्ये वीत-वीतभर लांबीची सव्वाशे लढाऊ विमानं उभी होती. आजवर त्यांनी लढाई केली ती फक्त धुळीशी. दारावर पाटी होती : हात लावू नये.

मार्चमध्ये शेजारच्या मिसेस स्केल्टन कुंपणापाशी आल्या. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांचा वैमानिक नवरा रॉय १९६६ साली आपलं लाइटनिंग विमान घेऊन समुद्रावर गेला, तो परत आला नाही. विमान सापडलं नाही, रॉयही नाही. त्यामुळे फुलं ठेवायला थडगंही नव्हतं.

"माझे डोळे चाललेत रे बदका," त्या म्हणाल्या. त्या गावात लाडानं कुणालाही बदक म्हणतात; सत्तरी उलटली तरी माणूस बदकच राहतो. "डॉक्टर म्हणतात, जूनपर्यंत दिसेल. त्याआधी रॉयचं विमान एकदा बघायचंय. करशील?"

क्लाइव्ह कामाला लागला. लाइटनिंग म्हणजे उघड्या धातूचं विमान. प्लॅस्टिकवर आधी चकचकीत काळा रंग, त्यावर एअरब्रशच्या फवाऱ्यानं धुक्यासारखा विरळ चंदेरी. या चंदेरीचा स्वभाव मोठा खुनशी. बोट टेकलं की विसरत नाही. म्हणून क्लाइव्ह पांढरे सुती मोजे घालून बसे.

छोटी विमानं बनवणाऱ्यांच्या क्लबातला बॅरी दर गुरुवारी डोकावायचा. "एप्रिल संपला की रे! खरं विमान याहून लवकर झालं असेल."

"शेपटीवरचा आकडा दोन मिलिमीटर मागे गेलाय. खरवडून परत करतोय."

"त्या म्हातारीला दोन मिलिमीटर दिसणार आहेत?"

"मला दिसतायत ना."

तीनदा रंग खरवडला. चौथ्यांदा मनासारखं जमलं तेव्हा जून निम्मा सरला होता. रंग पुरता वाळायचा होता, पण क्लाइव्हला आता दम निघेना. मोजे घालून, श्वास रोखून त्यानं विमान शेजारी नेलं.

मिसेस स्केल्टन खिडकीपाशी बसल्या होत्या. चेहरा भलतीकडेच.

"आणलंस?"

"समोरच धरलंय."

त्यांनी चेहरा त्याच्या आवाजाकडे वळवला. "गेल्या आठवड्यात गेले रे डोळे. सांगणार होते, पण तू कामात होतास."

क्लाइव्हला ते दोन मिलिमीटर आठवले. उभ्या जन्मात एवढं लांब अंतर त्यानं पायी टपाल वाटतानाही तोडलं नव्हतं.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं त्याच्याकडे एकच उत्तर असायचं. ते नातवंडांनाही पाठ होतं. क्लाइव्हनं मोजे काढले आणि विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"तो कुठं बसायचा?"

त्यानं त्यांचा अंगठा हातात घेऊन वैमानिकाच्या काचेखाली टेकवला. त्यांनी तो उचलला नाही. चहासाठी उकळलेलं पाणी गार झालं, तरी नाही.

सप्टेंबरात क्लबाची स्पर्धा झाली. परीक्षक बॅरी. त्यानं विमानावरून टॉर्च फिरवला. "शेपूट बिनचूक. आकडा बिनचूक..." टॉर्च थबकला. "हा अंगठा कुणाचा रे? अर्ध्या तासात गेला असता. पुसला का नाहीस?"

"मिसेस स्केल्टनचा आहे."

बॅरीनं टॉर्च विझवला. बराच वेळ चष्मा पुसला. "गुण कापावे लागतील."

"काप."

बॅरीनं रंगकामाचे पाचच्या पाच गुण कापले. विमान अकरावं आलं.

संध्याकाळी ते मिसेस स्केल्टनच्या मांडीवर परत गेलं. अंगठ्यानं न चाचपडता आपली जागा शोधली.