बाटलीच्या आतलं अस्तर

माझं आणि नणंदेचं कधी पटलं नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तिने मी लावलेलं कपाट सगळं उपसून पुन्हा लावलं होतं. घरात तिला 'इंजिनियर' म्हणत; निम्मं कौतुकाने, निम्मं वैतागून.

आमचा फळांच्या रसाचा कारखाना. तो चालवायचे माझे मिस्टर, तपासणीची खोली माझ्याकडे आणि बाटलीचं डिझाइन तिच्याकडे. दोन वर्षं खपून तिने कागदाची बाटली तयार केली. दाबलेला लगदा, आतून वनस्पतीच्या मेणाचा थर. रस वीस दिवस टिकायचा आणि रिकामी बाटली मातीत तीन महिन्यांत विरून जायची. 'पिऊन झाल्यावर मातीत पुरा,' हे लेबलवरचं वाक्यही तिचंच.

दुकानदारांना वीस दिवस पुरेनात, त्यांना सहा महिने हवे होते. ह्यांनी बाटल्या बनवणाऱ्याला परस्पर सांगून मेणाच्या जागी प्लास्टिकचं पातळ अस्तर लावून घेतलं. लेबल तसंच ठेवलं.

पहिला माल आला तेव्हा मी एक बाटली उभी कापली आणि सगळा प्रकार लक्षात आला. ह्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. "तोंड उघडलंस तर याद राख." मी नाही उघडलं. खरं सांगायचं तर, तिचा तोरा उतरणार म्हणून आतून बरंही वाटलं.

प्रत्येक मालातली एक बाटली ती कारखान्यामागच्या वाफ्यात पुरून ठेवायची. तीन महिन्यांनी उकरलं तर कागद गेला होता आणि बाटलीच्या आकाराची पारदर्शक पिशवी जशीच्या तशी होती. आत दुकानदारांची बैठक चालू होती. ती तशीच मातीच्या हातांनी शिरली आणि पिशवी टेबलावर आपटली.

"हे काय आहे, दादा?"

"तमाशा बाहेर कर."

"माझ्या शब्दावर लोक हे झाडांच्या मुळाशी पुरतायत!"

हे दुकानदारांकडे वळून हसले. "बहीण आहे माझी. भागीदारी दिली नाही म्हणून कुठली तरी पिशवी उचलून आणलीय." मग माझ्याकडे बोट केलं. "तपासणी हिच्याकडे असते. सांग गं यांना."

दहा-बारा तोंडं माझ्याकडे वळली. नणंदेने मात्र मान वर केली नाही. माझ्याकडून तिला कसलीच अपेक्षा नव्हती. ह्यांच्या धमकीपेक्षा तेच मला जास्त झोंबलं.

"अस्तर प्लास्टिकचंच आहे," मी म्हणाले. "पहिल्या मालापासून."

एकाने खुर्ची मागे सारली, मग सगळेच उठले. आठवड्याभरात माल परत आला. ह्यांनी लेबल बदललं, बहिणीला कामावरून काढलं आणि माझ्याशी बोलणं तोडलं.

ती सामानाचा खोका घेऊन निघाली तेव्हा मी गेटपर्यंत गेले. वाटलं, निदान जाताना तरी एखादा बरा शब्द बोलेल.

"पहिल्या मालापासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"तीन महिने गप्प बसलात, वहिनी. आता उपकार केल्यासारख्या उभ्या राहू नका."

खोका सावरत ती रस्त्याला लागली. मी आत आले. परत आलेल्या बाटल्या फोडून कागद आणि अस्तर वेगळं करायचं काम ह्यांनी माझ्याच गळ्यात मारलं होतं. मी खाली बसले आणि सोलायला लागले.