तीन इंच

नाल्यातल्या उंचवट्यावर जीपचं पोट आपटलं आणि मागे गादीवर आडवा पडलेला धम्मानंद ओरडला. नंदिनीने ब्रेक दाबला तशी जीप बंदच पडली. चाकांखालून गढूळ पाणी वाहत होतं. मागचं ओरडणं थांबलं आणि कण्हणं सुरू झालं.

"लय लागलं का हो?" तिने विचारलं. मागे वळून बघायची हिंमत तिला होत नव्हती.

"चाल तू. थांबू नको वं. थांबलं की जास्त दुखते."

हिंगण्याच्या पुढे जे नवे लेआउट पडले, त्यातल्या एकात त्यांचं घर होतं. जुलैच्या पुरात नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, वाहून गेला. ठेकेदाराने बाजूने, नाल्यातूनच, दगड टाकून वाट काढून दिली आणि तो जो गेला तो परत फिरकला नाही. मोटारसायकली कशाबशा निघत, कार अडकत. अॅम्ब्युलन्सवाला एकदा काठापर्यंत आला आणि मान हलवून परत गेला. जात होती फक्त धम्मानंदची जुनी फोर बाय फोर जीप. रविवारी मित्रांबरोबर डोंगर-नाले तुडवायला त्याने ती हौसेने घेतली होती. नंदिनी ती चालवायला शिकली मे महिन्यात, कारण मे महिन्यातच त्याच्या पाठीच्या मणक्यात गाठ निघाली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाच आठवडे रेडिएशन, रविवार सोडून रोज. खाडा चालणार नाही. आणि जाता जाता म्हणाले होते, मणक्याला झटका बसू देऊ नका. भरती करून घ्या म्हणून नंदिनीने हात जोडले, पण खाटा नव्हत्या. दवाखान्याजवळच्या तळमजल्यावरच्या खोल्या बाहेरगावच्या पेशंटांनी भरलेल्या. तिच्या भावाचं घर शहरातच, इंदोऱ्यात, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा अरुंद की फळीवर माणूस वर न्यायचा तर वळणावर उभा करावा लागला असता. म्हणून रोज सकाळी शेजारचा जितेंद्र आणि त्याचा भाऊ धम्मानंदला फळीसकट जीपमध्ये सरकवत, आणि रोज नाल्यात तो एक दणका बसत असे. जाताना एक, येताना एक.

त्या दिवशी रेडिएशन झाल्यावर नंदिनीने जीप घराकडे न नेता वाडीला वळवली. तिथे पिंटूचं गॅरेज होतं. पिंटू धम्मानंदचा रविवारचा सोबती. त्याने खाली वाकून जीपचं पोट बघितलं आणि शीळच घातली.

"वहिनी, चेसिसले मार बसून राहिला. गाडी वर उचला लागते."

"उचल मग."

"तसं नाही. सोचना पडेगा." तो हात पुसत उभा राहिला. "एक म्हणजे स्पेसर. स्प्रिंगच्या पाट्याच्या वर ठोकळे बसवायचे, दोन इंच मिळते. पण तुमचे पाटे आधीच बसलेले आहेत, ते काही सुधरत नाही. दुसरं, पूर्ण नवे पाटे अन् नवे शॉकअप. तीन इंच. माझ्याकडे पडून आहे, सोमवारी सकाळी गाडी देतो. पण तो माल कडक असते. सामान लादणाऱ्या गाडीचा आहे."

"अन् नरम?"

"उंच पण पाहिजे अन् नरम पण पाहिजे, तर बाहेरून मागवा लागते. महिना धरा."

"महिनाभरानं काय करू मी त्याचं?" नंदिनीचा आवाज चढला. "झटका कशानं कमी बसन, तेवढं सांग ना."

पिंटूने डोकं खाजवलं. त्याने आजवर पन्नास गाड्या उचलल्या असतील, पण मागे आजारी माणूस झोपवायची एकही नव्हती. ते त्याने कबूलही केलं. "नाल्यातला दणका जाईन वहिनी, हे नक्की. बाकीचं मले नाही सांगता येत."

"तीन इंच टाक," मागून धम्मानंद म्हणाला.

दोघांनी वळून बघितलं. त्याने एक हात वर केला होता आणि बोटाने हवेत कमान काढून दाखवत होता. "पुढचे पाटे किती पानाचे आहे? शॉकअप लांब घे, नाही तर वरच्यावर ओढून तुटते." तो पिंटूला विचारत होता, मधेच त्याला अडवत होता, एकदा तर हसलाही. तीन महिन्यांत नंदिनीने त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं. कडक आहे म्हणतो तो, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"टाक," ती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी तिने गाडी सोडली आणि सोमवारी उजाडताच आणली. जीप एवढी उंच झाली होती की फळी सरकवताना जितेंद्रला ती छातीपर्यंत उचलावी लागली. त्याच्या भावाचा हात सटकला आणि फळी कलली. "सांभाळून!" नंदिनी किंचाळली. धम्मानंदने डोळे मिटून घेतले, पण आवाज काढला नाही.

नाल्यात तिने श्वास रोखून गाडी घातली. चाकं चढली, उतरली, आणि पोट कशालाच लागलं नाही. "गेला वं दणका!" धम्मानंद मागून म्हणाला. "मस्त आहे." पलीकडे निघाल्यावर नंदिनीला रडू आलं. पुढचा सगळा रस्ता ती दर थोड्या वेळाने विचारत राहिली आणि तो मस्त आहे म्हणत राहिला.

मंगळवारी, बुधवारीही तो तेच म्हणाला. गुरुवारी रेडिएशनच्या खोलीतून सिस्टर बाहेर आली. "ताई, हे स्थिर पडून नाही राहत आहेत. अंग थरथरते. अन् हाताला काय झालं त्यांच्या?"

नंदिनीने आत जाऊन त्याच्या शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे व्रण होते. काही जुने, काळे पडलेले, काही ताजे.

"काहून नाही सांगितलं?"

तो छताकडे बघत होता. "रस्त्यावरची एकेक गिट्टी लागते वं पाठीत. आधी एकच दणका होता, आता सगळा रस्ताच दणका आहे." मग बाही खाली ओढत म्हणाला, "मीच निवडलं ना. तुले अजून कुठं कुठं पळवू?"

ती बाहेर आली आणि जीपच्या चाकाला टेकून खाली बसली. त्याला या गाडीत घालून घरी न्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. आणि दुसरी गाडी नव्हती. येणारेजाणारे तिच्याकडे बघत होते. तिने पिंटूला फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलायच्या आधीच ती मोठ्याने रडायला लागली.

पिंटू पाने-जॅक घेऊन दवाखान्याच्या पार्किंगमध्येच आला. त्याने मागच्या दोन्ही पाट्यांतली दोन दोन लोखंडी पानं काढून टाकली. गाडी थोडी खाली बसली, पण नरम झाली. "पोट थोडंबहुत लागन," तो म्हणाला. धम्मानंदने स्ट्रेचरवरूनच आठवण केली, चाकांतली हवा निम्मी कर, दगडावर आपण करत होतो तशी.

तेव्हापासून तसंच चाललं. कच्चा रस्ता लागला की नंदिनी उतरायची, चारी चाकांची हवा सोडायची, पायी चालल्यासारखी गाडी न्यायची, आणि डांबरी रस्ता आला की बॅटरीवरच्या छोट्या पंपाने पुन्हा हवा भरायची. कारखान्याच्या पहिल्या पाळीची माणसं मोटारसायकलवरून जाता जाता बघत. पावसात पदराने वॉल्व्ह पुसत ती चिखलात गुडघे टेकून बसे. तिच्या सुट्या संपल्या होत्या आणि ती कामाला होती त्या कारखान्याच्या पॅकिंगच्या खात्यातून रोज फोन येत होता, तो ती उचलत नसे. दुखणं थांबलं नव्हतं. पण धम्मानंद हात चावत नव्हता, आणि सांगत होता. "आता लागलं." "आता कमी." तिला तेवढंही पुष्कळ वाटायचं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी परत येताना ती नेहमीच्या जागी उतरली आणि पहिल्या चाकाशी वाकली.

"हवा नको सोडू आज," तो आतून म्हणाला. "पायात कळ जायची ना, ती आलीच नाही. सकाळपासून."

नंदिनी उठून उभी राहिली.  रेडिएशन लागू पडलं, तिला वाटलं. हसतच तिने मागचं फाळकं उघडलं. त्याच्या पायावर एक मोठी लाल मुंगी चढली होती आणि घोट्याला चावत होती. तो तिच्याकडे, नंदिनीकडे, बघत होता.

तिने मुंगी झटकली आणि त्याचा अंगठा दाबला, मग जोरात चिमटा काढला.

"काय करून राहिली?" त्याने विचारलं.

"काही जाणवलं का?"

"काय?"

तिने गाडी जागच्या जागी दवाखान्याकडे वळवली. डांबरीवरून, हिंगणा रोडवरून, हॉर्नवर हात ठेवून. खड्डे आले तसे तिने घेतले. मागून एकही आवाज आला नाही आणि ती शांतता तिला सहन होईना. "ओरडा ना हो," ती समोर बघत म्हणाली. "ओरडा थोडं."

गाठीने मज्जारज्जू दाबला होता. संध्याकाळ व्हायच्या आत ऑपरेशन झालं. खाट आता मिळाली. नंदिनीने डॉक्टरांना विचारलं, हे माझ्या गाडीनं झालं का? त्यांनी नाही म्हणून सांगितलं, गाठीमुळे झालं, रस्ता गुळगुळीत असता तरी झालं असतं. त्यांनी ते तीनदा सांगितलं. तिने तीनदा मान हलवली, पण तिला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

दहाएक दिवसांनी व्यायाम करवून घेणारी मुलगी टाचणी घेऊन आली. तिने उजव्या तळव्याला टोचलं. धम्मानंद डोळे मिटून पडला होता. काहीच नाही. तिने डाव्या तळव्याला टोचलं.

"आई गं," तो म्हणाला.

नंदिनीने खाटेचा दांडा घट्ट धरला. "परत टोच," ती म्हणाली. "परत एकदा टोच त्याले."

मुलीने टोचलं. डाव्या पायाचा अंगठा हलला, मग पुन्हा हलला. उजवा तसाच पडून होता. धम्मानंदने डोळे उघडून विचारलं, "दोन्ही ना?"

 नंदिनीने त्याचा उजवा पाय दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला सुरुवात केली.