ताईची बावन्न पानं

मावशीचा कॉम्प्युटर गुरुवारी सकाळी गेला. दोन दिवस तो नुसता घरघरत होता, पण सतरा वर्षांच्या सोबत्यावर संशय कोण घेणार, म्हणून मावशीने काणाडोळा केला. तो नेमका रविवारच्या तोंडावर गेला, आणि रविवारी तिची भाची यायची होती. आपल्या आईची बावन्न पानं न्यायला.

भाचीची आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. जन्मभर सुईण म्हणून राबली. शेवटच्या वर्षी ती समोरच्या खुर्चीत बसून सगळ्या आठवणी सांगायची आणि मावशी टाइप करायची. ‘मी आहे तोवर छापायचं नाही, नंतर लेकीला दे,’ अशी ताईची ताकीद होती. ताई गेली त्याला आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत मावशीने ती पानं छापून घ्यायला हवी होती, पण फाइल उघडायचंच तिच्या जिवावर यायचं. आता ते आठवून ती स्वतःवर चरफडत होती.

मावशी नवा घ्यायला गेली, तेव्हा दुकानदाराने विचारलं, “काकू, यावर काय करणार तुम्ही?”

“टायपिंग.”

“मग कुठलाही चालेल.”

हे ‘कुठलाही चालेल’ मावशीला चांगलंच भोवलं. घरी आणलेल्या त्या चकचकीत पाहुण्याने आधी तिचा फोन नंबर मागितला, मग जन्मतारीख, मग पासवर्ड. तो पासवर्ड कमजोर आहे म्हणून दुसरा, आणि शेवटी तुम्ही माणूसच आहात ना, हे सिद्ध करा म्हणून नऊ चित्रांतले ट्रक ओळखायला लावले. छत्तीस वर्षं छापखान्यात टायपिंग केलेल्या बाईला ट्रक ओळखायला लावणाऱ्या यंत्राला काय म्हणावं!

दुरुस्तीवाल्याने जुन्या डब्यातून फाइल काढून दिली. मावशीने ती उघडली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, मधेच आकडे, मधेच उपटसुंभ कंस. ताईचा एक शब्द दिसेना. मावशीचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम जुन्या मशीनच्या मागे खोचलेल्या, कंपनीने दिलेल्या लॉकच्या डबीशिवाय चालत नसे, आणि ते बोटभर रुंद लॉक खोचायला नव्या मशीनला जागाच नव्हती. दोन बारीक फटी, बस.

मावशी पुन्हा दुकानात गेली. “ती कंपनीच बंद पडली, काकू,” दुकानदार म्हणाला. “फाइल गेली समजा आणि सोडून द्या.”

सोडून द्या म्हणे. मावशी तिथून निघाली, आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं.

रविवारी भाची आली. पडद्याकडे बघून म्हणाली, “हे काय गं?”

“तुझी आई,” मावशी म्हणाली, आणि तिला रडू आलं.

भाचीने तिला पाणी दिलं. पेला ठेवून मावशी पडद्याकडे बघत राहिली, आणि तिची बोटं सवयीने टेबलावर वाजायला लागली. डी, के, ई. ती थबकली. ही कचरा अक्षरं नव्हती. मराठी टाइप करताना तिने ज्या कळा दाबल्या होत्या, त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं होती. डी म्हणजे क, के म्हणजे काना, ई म्हणजे म.

“काम,” मावशी म्हणाली. “वही घे. लिही.”

डोळ्यांना काही कळत नव्हतं, बोटांना सगळं पाठ होतं. पडद्यावरचं अक्षर बघायचं, टेबलावर बोट आपटायचं आणि जे निघेल ते मोठ्याने म्हणायचं. पहिल्या पानाला तास लागला. भाची समोर बसून लिहीत होती, मधेच हसत होती, मधेच डोळे पुसत होती. मावशीला मात्र नवल वाटत होतं, की हे सगळं तिला स्वतःलाही नवीनच होतं. छापखान्यातल्या फोरमनची शिकवणच तशी होती: ऐकलेलं कानातून थेट बोटात गेलं पाहिजे, अर्थ लावत बसलं की हात अडखळतो. तिचा हात कधी अडखळला नव्हता. वर्षभर ताई बोलली, आणि मावशीने त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या पानावर ती एकेक अक्षर जुळवत म्हणत गेली.

“नर्सिंगच्या शाळेत एकच जागा होती. यादीत धाकटीचं नाव माझ्या वर होतं. ती म्हणाली, मला रक्त बघवत नाही, तूच जा. बाबांच्या पायाची जखम रोज तीच धुवायची. मला सगळं कळत होतं. मी गप्प बसले आणि गेले.”

भाचीचं पेन थांबलं. मावशीचं बोट थांबलं नाही.

“आत्ता ती समोर बसून हेच टाइप करतेय. मान वर करते का बघू.”

पुढे दोनच शब्द होते. ते जुळवायला मावशीला फार वेळ लागला.

“नाही केली.”

मावशीने मान वर केली. समोर, ताई बसायची त्या खुर्चीत, भाची वही मांडीवर घेऊन बसली होती.