घासून काढलेले नंबर

आल्हादने शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत दिली होती. गंगापूर रोडवरच्या त्याच्या वडिलांच्या स्टुडिओतला बारा चॅनलचा जुना मिक्सर तोवर बाराही चॅनलवर एकसारखा वाजला तर राहणार, नाहीतर भंगारात. त्र्यंबकला विकल्या जाणाऱ्या आरत्यांच्या कॅसेटी याच मिक्सरवर तयार झाल्या. तीस वर्षं त्याची दुरुस्ती मीच केली.

"शामकाका, सातवं चॅनल मेलंय," आल्हाद म्हणाला. मेलंय म्हणे! आजारी होतं.

झाकण उघडलं आणि माझाच मला संताप आला. सातव्यातला सुरुवातीचा ट्रान्झिस्टर गेला होता, आणि त्याच्यावरचा नंबर मी पॉलिश पेपरने घासून काढला होता. बाराही चॅनलमध्ये तेच. तेव्हा आम्ही बरेच दुरुस्तीवाले असंच करायचो. नंबर दिसला नाही की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जात नाही. आता गिऱ्हाईक माझ्याकडेच आलं होतं आणि नंबर मलाच आठवत नव्हता. वही ठेवलीच नाही कधी. वही कुणीतरी बघतं ना!

शेवटी नाक मुठीत धरून मृण्मयीला फोन केला. सहा वर्षं माझ्या हाताखाली शिकली, पण तिलाही मी नंबर कळू दिले नव्हते. आता एम.जी. रोडला तिचं स्वतःचं दुकान आहे. शनिवारी सकाळी ती आली आणि एकही टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

"बीसी १०७ असणार," मी ठासून सांगितलं. तिने तो लावला. आवाज आला, पण मागे सतत फुसफुस.

"सर, आठवत नका बसू. मोजू या."

चांगल्या सहाव्या चॅनलमधला ट्रान्झिस्टर तिने अलगद काढला, पाय तपासले, गेन मोजला, म्हणजे आवाज किती पट वाढवतो ते. पाचशे वीस. आठव्यातला, पाचशे दहा. गेन एवढा, आणि फुसफुस नाही. जुन्या डेटाबुकात मी बोटाने एकेक ओळ खाली येत गेलो.

"१०९! त्यातला सी गट!" मी ओरडलोच.

तिच्या दुकानात जुने अकरा पडले होते. ते आणून सगळे मोजले. पाचशे पंधराचा एक सापडला, तो सातव्यात बसला.

मग प्रत्येक चॅनलमध्ये हजार हर्ट्झचा एकच सूर सोडायचा आणि आतला प्रीसेटचा बारीक स्क्रू फिरवून मीटरचा काटा शून्यावर आणायचा. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून मी एकेक फिरवत गेलो. नवव्याचा काटा दोनदा घसरला.

"मी करू, सर?"

"नाही."

घरून आणलेला जेवणाचा डबा तसाच राहिला. बाराव्याचा काटा शून्यावर थांबला तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. आल्हादने हेडफोन लावून एकेक चॅनल ऐकलं. सातव्यावर परत आला, परत ऐकलं.

"राहू दे इथेच," तो म्हणाला.

झाकण लावायला घेतलं. नव्या ट्रान्झिस्टरवरचा नंबर स्वच्छ दिसत होता. माझा हात सवयीने खिशात गेला, पॉलिश पेपरच्या तुकड्याकडे. मृण्मयीने ते पाहिलं. मला लाज वाटली.

आल्हादकडून मार्कर मागून घेतला. झाकणाच्या आतून लिहिलं, 'चॅनल १ ते १२, बीसी १०९ सी, गेन पाचशेच्या वर.' त्याखाली एरवी मी माझा फोन लिहायचो. दोन आकडे लिहिले, थांबलो आणि अंगठ्याने पुसले.

"मृण्मयी, तुझ्या दुकानाचा फोन सांग गं."