तक्त्यातलं शून्य

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला हवा मंडळाच्या सुनावणीत सकाळपासून दोन अभ्यासांची झोंबाझोंबी चालली होती. रिफायनरीच्या धुराला आवर घालणारा नियम केला, तर पेट्रोल किती महागेल? सरकारी अभ्यास म्हणे, गॅलनमागे एकोणीस सेंट. तेलवाल्यांचा अभ्यास म्हणे, पासष्ट. दोन्हीकडचे पंडित हमरीतुमरीवर आले होते. धुराचं नाव कोण काढतो!

सरकारी अभ्यास मंडळाचा कर्मचारी आर्लो बेटनकोर्टचा. तो मागच्या रांगेत मुकाट बसला होता. मंडळाने विचारल्याशिवाय कर्मचाऱ्याने तोंड उघडायचं नाही, ही तिथली रीत.

दुपारी लोकांची पाळी आली. माणशी दोन मिनिटं. ट्रकवाले महाग इंधनाबद्दल पोटतिडकीने बोलले, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. मग येसेनिया बारागान उठली. तिचं घर रिफायनरीच्या कुंपणाला लागून. तिची नऊ वर्षांची लेक इत्सेल दम्याने पुन्हा इस्पितळात. तिने अभ्यासाचा कागद वर धरला. नियमाने दरवर्षी कुठे किती जीव वाचतील त्याचा तक्ता होता, आणि तिच्या वस्तीपुढे शून्य.

"आमच्यातलं एकही माणूस वाचणार नाही का?" तिने तीन-तीनदा विचारलं. लाल दिवा लागला, माइक बंद झाला.

आर्लोला ठाऊक होतं, आकडा शून्य नव्हताच. वर्षाला शून्य पूर्णांक चार होता, म्हणजे पाच वर्षांत दोन जीव. तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून अर्ध्याच्या आतलं सगळं त्यानेच शून्य केलं होतं. कचेरीत सगळेच करतात. उठून एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण वीस वर्षांची सवय, पठ्ठ्या उठला नाही.

मंडळाचे एक सभासद म्हणाले, कुंपणालगतच फायदा नसेल तर लोकांच्या खिशाला चाट कशाला? झालं. नव्या अभ्यासासाठी नियम दोन वर्षं पुढे ढकलला.

पार्किंगमध्ये त्याने येसेनियाला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलं नाही, बाई."

"मी विचारत होते ना," ती म्हणाली. "दोन मिनिटं दुसरं काय करत होते मी?"

तिला थांबायला वेळ नव्हता. इत्सेलला संध्याकाळी घरी सोडणार होते, त्याच घरी.