धाकूदादाच्या गळ्यातली शिट्टी

मी एक पितळी शिट्टी बोलतेय. जरा हळू हं! माझ्या पोटात एक दाणा आहे, साधा धक्का लागला तरी तो थरथरतो.

ब्याऐंशीच्या संपात धाकूदादाची गिरणीतली नोकरी गेली. घाटकोपरच्या डोंगराकडच्या चाळीत त्याचं गोविंदा पथक होतं, त्यासाठी त्याने मला घेतलं. दहीहंडीला मी थर चढवायची, थर उतरवायची. बाकी वर्षभर तीच पोरं भाड्याने. सकाळी एका पक्षाचा मांडव राखायचा, आणि पाकीट जाड आलं की संध्याकाळी तोच पाडायचा! दादाच्या दोन खिशांत दोन रंगांचे रुमाल असत. आज कुणासाठी वाजायचंय, हे मला कधीच कळत नसे.

मग बाटल्यांच्या कारखान्यात संप झाला. दादाची थोरली बहीण सगुणा तिथेच पॅकिंगला होती. माल बाहेर जाऊ नये म्हणून युनियनने दादाला फाटकावर बसवलं. सगुणा त्याला भाकरी आणून द्यायची, "माझो भाव" म्हणून मिरवायची.

एके दिवशी मालकाचा माणूस फियाटमधून येऊन त्याच्याशी बोलून गेला. दुसऱ्या सकाळी दादा फाटकाच्या आत उभा!

"दादा, काल आपण पलीकडे होतो ना?" पथकातल्या धिप्पाड महादूने विचारलं.

"कालचं काल. ट्रक बाहेर काढायचाय. आखूड शिट्टी मारली की घुसा, बायकांना बाजूला फेका."

फाटक उघडलं. ट्रकच्या चाकांपुढे संपावरच्या बायका, आणि सगळ्यांपुढे सगुणाच बसली होती.

"ये धाकल्या," ती म्हणाली, "आधी माका उचल."

दादाने मला ओठांत धरलं. आखूड निघायची ती शिट्टी लांबतच गेली, थांबेचना. आणि लांब शिट्टी म्हणजे पथकात खालचा थर! पोरं सवयीने धावली. बायकांभोवती गोल धरून हात एकमेकांच्या खांद्यांवर, माना खाली, पाय रोवलेले. ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं.

"धाकू, हे काय लावलंयस?" मॅनेजर किंचाळला.

"दादा, सोडायची शिट्टी दे ना," महादू खालूनच कण्हला, "मान गेली यार!"

दोन फुंकरींत कडं सुटलं असतं. दादाने मला तोंडाशी नेलं, खाली घेतलं, पुन्हा नेलं. आता वाजवतोय, आता वाजवतोय... माझा जीव जातोय की काय! शेवटी त्याने गळ्यातली दोरीच तोडली आणि पोरांच्या डोक्यांवरून मला सगुणाच्या ओटीत फेकलं.

त्या दिवशी ट्रक गेला नाही.

पुढे कारखानाच बंद पडला. आता मी सगुणाच्या फळीवर, मसाल्याच्या डब्यामागे असते. परवा दादा आला. निवडणुका जवळ आल्यात.

"आक्का, शिट्टी दे."

"कोणासाठी?"

"अजून ठरूक नाय."

तिने पाठ फिरवली. तो गेला खरा, पण जिन्यात त्याची पावलं बराच वेळ घुटमळत होती. उद्या तो पुन्हा येईल. ती देईल का मला? भाऊच आहे शेवटी.

म्हणून तुम्हाला विनवते: कुठे माझा आवाज आला तर लगेच धावू नका. आधी वळून बघा, मी कुणाच्या तोंडात आहे.